भाजी चिरणारीचं पोट

पोटाचं दुखणं सांगायला आम्हा बायकांना लाज वाटते. गुडघे दुखतात हे आम्ही जिन्यात उभ्या राहून सांगतो, डोकं दुखतं हे फोनवर सांगतो, पण पोट साफ होत नाही हे सांगायचं तर आधी आजूबाजूला बघतो. मी हॉस्पिटलातून परत आल्यापासून आमच्या सिल्व्हर पार्कच्या बिल्डिंगमधल्या बायका एकेकट्या येतात, दार लोटून घेतात आणि मग हळूच विचारतात, "वहिनी, तुम्हाला नक्की काय झालं होतं?" प्रत्येकीला तेच ते सांगून मी दमले. म्हणून आता एकदाच लिहून काढते. मी डॉक्टर नाही. माझ्या पोटाचं झालं तेच तुमच्या पोटाचं होईल असंही नाही. पण मी जे वर्षानुवर्षं अंगावर काढलं ते तुम्ही काढू नका, एवढ्यासाठी हा खटाटोप.

माझं नाव सुनंदा. माहेर आणि सासर दोन्ही रत्नागिरीकडचं, संसार सगळा मिरा रोडला. आमचे हे एका कंपनीची बस चालवतात. मुलगी प्राची नोकरी करते. सासूबाई आमच्याकडेच असतात, आम्ही सगळे त्यांना आई म्हणतो. मी घराजवळच्या पोळी-भाजी केंद्रात कामाला आहे, भाजीवर. म्हणजे भाजी निवडायची, चिरायची आणि फोडणीला टाकायची. पोळ्यांवर वेगळ्या बायका असतात.

दिवसभर पाला, ताटात काही नाही

सकाळी केंद्रात गेलं की पुढ्यात भाजीचा डोंगर असायचा. मेथी निवडा, गवार मोडा, शेवग्याच्या शेंगा सोला, कोबी चिरा. हिरव्या रंगाने नखं कायमची काळी पडलेली. कुणालाही वाटेल, ही बाई भाजीपाल्यात लोळते, हिला कसली कमी?

माझ्या पोटात काय जायचं ते सांगते. सकाळी चहा आणि खारी. मध्ये परत चहा. दुपारी गिऱ्हाईक संपलं की आम्ही बायका जेवायला बसायचो. पण भाजी गिऱ्हाइकासाठी. चांगली झाली की संपायची आणि संपली की आम्हाला आनंद व्हायचा, कारण त्याचा अर्थ काम चांगलं झालं. मग पातेल्याच्या तळाशी राहिलेला रस्सा भातावर ओतायचा आणि वर लोणचं. घरीसुद्धा तेच. यांना वाढा, प्राचीला वाढा, आईंना वाढा, आणि मग कढईत बघा. कढईत तेल आणि मोहरी. मी त्यात भात कालवून कढई पुसून घ्यायची आणि मला वाटायचं, काय छान लागतंय.

पाण्याचं आणखी वेगळं. केंद्राच्या रांगेतल्या सगळ्या दुकानांत मिळून मागे एक संडास. त्याची किल्ली मोबाइलच्या दुकानात. किल्ली मागायची म्हणजे दुकानातल्या चार पुरुषांना कळणार की बाई कुठे चालली. त्यापेक्षा पाणीच न पिणं बरं. आम्ही सगळ्याच तसं करायचो आणि त्याबद्दल कधी बोलायचोही नाही.

पोट दोन दोन, तीन तीन दिवस साफ व्हायचं नाही. शेजारच्या हंसाबेन म्हणायच्या, "रात को इसबगोल लेने का ने, सुबह एकदम फ्री." मी घ्यायची, पण अर्ध्या कपात ढवळून आणि वर पाणी न पिता. ते आत जाऊन तसंच बसायचं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पण हे मला आज कळतंय. तेव्हा मी आईंच्या उशाशी असलेल्या एरंडेलाच्या बाटलीतलं चमचाभर घ्यायची आणि कामाला लागायची. ती बाटली आमच्या घरात लग्नाच्या आधीपासून आहे. ती तिथे का आहे हे मी कधी विचारलं नव्हतं.

अळूच्या ढिगावर

श्रावणात केंद्रात मरणाचं काम असतं. एका बाजूला उपासाच्या ऑर्डरी, दुसऱ्या बाजूला अळूचं फदफदं. त्या दिवशी मी अळू चिरत होते. डाव्या बाजूला खाली पोटात दोन दिवस दुखत होतं, अंगात कणकणही होती, पण श्रावणात सुट्टी कोण मागणार? मग एकदम आतून पीळ पडला. मी विळी सोडली आणि अळूच्या पानांवरच आडवी झाले.

केंद्राच्या मालकीण केतकीताई धावत आल्या. "अगं पानं बाजूला करा तिच्याखालची," असं त्या आधी म्हणाल्या आणि मग, "रिक्षा बोलवा." त्यांना मी दोष देत नाही. मीही तेच म्हणाले असते.

भाईंदरच्या एका हॉस्पिटलात सोनोग्राफी झाली, मग ते मोठ्या मशीनमध्ये घालून काढतात ते सीटी स्कॅन झालं. सर्जन तरुण होते, शांत बोलणारे. त्यांनी आम्हा सगळ्यांना समोर बसवलं.

"मोठ्या आतड्याला बाहेरून फुगे आलेत," ते म्हणाले. "सायकलच्या जुन्या ट्यूबला येतो ना फुगा, तसे. वर्षानुवर्षं कुंथून जोर लावला की येतात, कधी तसेही येतात. बऱ्याच लोकांना असतात, त्रास नसतो. तुमच्यातला एक पिकलाय. इन्फेक्शन आहे."

हे म्हणाले, "कॅन्सर तर नाही ना?"

"आत्ता तसं दिसत नाहीये. सूज उतरल्यावर दुर्बिणीने आतून बघू." मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "काकू, भाजी किती खाता रोज?"

मी काही बोलायच्या आत आई म्हणाल्या, "भाजीतच असते ती दिवसभर. भाजीचं काय विचारताय तिला?"

"आज्जी, खाते किती ते विचारतायत," प्राची म्हणाली.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी आठवायला लागले. काल काय खाल्लं, परवा काय खाल्लं. बरोबर आठवून सांगावं म्हटलं तर भात, चहा, खारी, पाव यापलीकडे काही येईना. एवढ्या भाज्या या हातांनी केल्या, त्यातली घासभर तरी पोटात गेली का? मला एकाएकी रडू आलं. दुखण्याचं नव्हतं ते. मूर्ख ठरल्याचं होतं.

डॉक्टरांनी सांगितलं, आत्ता अँटिबायोटिक देऊन बघू. बहुतेक उतरेल. नाही उतरलं, किंवा आतडं बंद झालं, तर ऑपरेशन. तेवढा भाग कापून काढायचा आणि जखम भरेपर्यंत काही महिने पोटावर पिशवी.

"कसली पिशवी?" मी विचारलं.

त्यांनी समजावून सांगितलं. संडास खालून न होता पोटावर केलेल्या छिद्रातून पिशवीत होणार. मी मान डोलावली. पण त्या क्षणापासून माझ्या डोक्यात दुसरं काही राहिलं नाही. मी स्वयंपाकवाली बाई. पोटावर मैल्याची पिशवी लावलेल्या बाईच्या हातची भाजी कोण खाणार? केंद्रात कोण उभं करणार? गणपतीला देवाजवळ नैवेद्य कसा नेणार? मरणाची भीती मला वाटली नाही, खोटं कशाला बोलू. पिशवीची वाटली.

मऊ भाताचे दिवस

पहिल्या वेळी मी लवकर सुटले. काही दिवस तोंडाने काहीच नाही, नुसतं सलाईन. मग पाणी, मग भाताची पेज. दोन्ही हातांच्या शिरा सुजल्या. सकाळी झाडूवाली, मग सिस्टर, मग छोटे डॉक्टर, मग मोठे डॉक्टर, आणि प्रत्येकाचा एकच प्रश्न, "गॅस पास झाला का?" इतकी वर्षं जे दाबून ठेवायचं म्हणून शिकलो, ते झालं की आता मोठ्याने सांगायचं. पहिल्या दिवशी मी मान खाली घालून "हो" म्हणाले. चौथ्या वेळी विचारल्यावर सरळ "दोनदा" म्हणाले.

घरी सोडताना डॉक्टरांनी प्राचीला नीट सांगितलं. सूज अजून पूर्ण उतरलेली नाही. आतली वाट अरुंद आहे. तेव्हा सध्या मऊ भात, मुगाचं वरण, ताक, साल काढून शिजवलेला दुधी. पालेभाज्या, कंद, शेंगा, कणसं, साली, बिया सगळं बंद. ते धाग्याचं खाणं पुढे रोज खायचंय, जन्मभर खायचंय, पण आत्ता नाही. "मी सांगेन तेव्हा सुरू करायचं, आणि थोडं थोडं," असं ते म्हणाले.

आता यातलं घरी काय पोहोचलं? हे गावाला फोनवर सांगत होते, "भाजी कमी पडली म्हणून झालं तिला." आई खालच्या बायकांना सांगत होत्या, "भाजी खायला सांगितलीय डॉक्टरांनी, जन्मभर." दोन्ही खरंच होतं. फक्त मधलं 'आत्ता नाही' तेवढं कुठेतरी गळून पडलं.

मी पडून होते. घर माझ्याशिवाय चालत होतं म्हणजे कसंबसं रेटलं जात होतं. प्राची ऑफिसला जायच्या आधी स्वयंपाक करायची आणि आल्यावर भांडी घासायची, चेहरा पडलेला. हे ड्युटीवरून येऊन म्हणायचे, "काय आणू?" आणि काही न आणता बसायचे. कुणी वाईट नव्हतं. सगळे थकलेले होते आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपणच जास्त थकलोय.

ऋषीची भाजी

आमच्या घरी गणपती असतो. गावाला जाणं सुटलं तेव्हापासून इथेच आणतो. चतुर्थीला मोदक आणि दुसऱ्या दिवशी, ऋषिपंचमीला, ऋषीची भाजी. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही. नांगर लागलेल्या शेतातलं धान्य नको. परसातलं, हाताने लावलेलं किंवा आपोआप उगवलेलं तेवढंच. त्याची एकत्र भाजी करायची. अळू देठांसकट, लाल माठ, सुरण, भेंडी, पडवळ, शिराळी, भोपळा, कणसाचे तुकडे, आंबटपणाला अंबाडा, वर ओलं खोबरं. तेल नाही, फोडणी नाही. अशी भाजी की वर्षभर कुठलीही भाजी न खाणारा माणूससुद्धा त्या दिवशी दोनदा मागतो.

दरवर्षी ती मी करते. त्या वर्षी आईंनी केली. त्यांचे हात थरथरतात, तरी सुरण त्यांनी स्वतः चिरला. घरभर वास सुटला. इतके दिवस मऊ भात खाऊन माझ्या तोंडाला चव नव्हती. त्या वासाने भूक म्हणजे काय ते आठवलं.

आईंनी ताट माझ्यापुढे आणून ठेवलं. मी म्हटलं, "आई, डॉक्टर नको म्हणालेत ना?"

"काय नको म्हणालेत? भाजी खा म्हणालेत. बैलाचे कष्ट नाहीत हो यात, ऋषींचं खाणं आहे. हे बाधत नाही कुणाला. आणि प्रसाद आहे, नाही म्हणू नये."

प्राची बाहेर पाहुण्यांना पाणी देत होती. हे आरतीची तयारी करत होते. मी पहिला घास घेतला. मग दुसरा. मग सगळं ताट संपवलं आणि कणीससुद्धा चोखून चावून खाल्लं. मला माहीत होतं का? होतं. पण प्रसादाला नाही म्हणणारी जीभ आमच्याकडे अजून जन्माला यायची आहे. आणि दुसरं असं, की कितीतरी वर्षांनी कुणीतरी मला वाढलं होतं. आयतं, गरम, ताट भरून, आणि कढईत अजून असताना.

आगीतून फुफाट्यात

दुसऱ्या दिवशी पोट ढोलासारखं टणक. दुपारपासून उलट्या. गणपती घरात आणि मी रिक्षात.

तेच हॉस्पिटल, तोच वॉर्ड. या वेळी नाकातून नळी घातली. ते मी इथे लिहिणार नाही, फक्त एवढंच सांगते की सिस्टर म्हणते "गिळा, गिळा" तेव्हा खरंच गिळावं, त्याने सोपं जातं. नळीतून पोटातलं सगळं बाहेर यायला लागलं आणि जीव जरा हलका झाला.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी नुसतं विचारलं, "काय खाल्लं?" मी सांगितलं. त्यांनी डोळे मिटले आणि उघडले. "भाजी वाईट नाही काकू. पण सुजलेल्या नळीत एवढा चोथा एकदम ढकलला. आणि इन्फेक्शन पण परत वर आलंय." मग ते यांच्याकडे वळले. "उद्या दुपारच्या राउंडपर्यंत थांबू. गॅस पास झाला तर वाट मोकळी झाली समजायचं. नाहीतर मग थांबता येणार नाही. पिशवी लागेल."

बाहेरच्या पॅसेजमध्ये प्राचीचा आवाज मला ऐकू येत होता. "आज्जी, तू वाढलंस! मी दहा वेळा सांगितलं होतं!" आईंचा आवाज येत नव्हता. यांचा आला, "हळू बोल, हॉस्पिटल आहे." माझ्यात कुणाची बाजू घ्यायची ताकद नव्हती. मला राग आला होता, पण एकट्या आईंचा नाही. सगळ्यांचा आला होता. प्रसादाचा, केंद्राचा, त्या किल्लीचा, माझ्या स्वतःच्या तोंडाचा.

शेजारच्या खाटेवर घोडबंदर गावातल्या गोमतीबाई होत्या. वय झालेल्या, अंगाने दणकट, गळ्यात सोन्याच्या मण्यांची माळ. मी टिपं गाळतेय हे त्या बराच वेळ बघत होत्या.

"काय गो, कनाला रडतंस?"

मी म्हटलं, "पिशवी लावणार म्हणतात."

त्यांनी सरळ चादर बाजूला केली आणि गाऊन वर केला. पोटाच्या डाव्या बाजूला पिशवी. मी नजर वळवली. मग परत बघितलं.

"बग नीट. ही पिशवी हाय, जनावर न्हाय. चावत न्हाय." त्यांनी चादर नीट ओढून घेतली. "चैतात लावली. तवापासून दोन हलद्या, एक लगीन केलाय मी. कोनाला कलला पन न्हाय. आथा काडायला आलंय."

"स्वयंपाक करता?"

"मंग कोन करील? माजी सून? तिला तं मीठ कलत न्हाय."

मला हसू आलं आणि हसल्यावर पोटात कळ आली. भीती गेली नाही, पण पिशवीला एक चेहरा आला, आणि तो गोमतीबाईंचा होता म्हणून जरा सोसता येईल असं वाटलं.

वॉर्डातली वाट

सकाळ झाली. छोट्या डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं, कानाला नळी लावून ऐकलं आणि गेले. सिस्टर म्हणाली, "चाला. जेवढं जमेल तेवढं चाला." प्राचीने सलाईनचा स्टँड धरला आणि मी वॉर्डात फेऱ्या घालायला लागले. एक फेरी, बसायचं, परत एक फेरी. हे दाराशी उभे होते, हातात गणपतीचा अंगारा.

आई आल्या. खरं तर त्या दिवशी घरी गणपतीपाशी कुणीतरी हवं होतं, पण त्या शेजारणीला बसवून आल्या होत्या. माझ्या खाटेच्या कडेला बसल्या आणि प्रत्येक फेरीला माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. सगळा वॉर्ड बघत होता. गोमतीबाई तर सरळ विचारत होत्या, "आला का?" मी मान हलवायची, नाही. पलीकडच्या खाटेवरची मुसलमान आजी तस्बीहची माळ ओढत म्हणायची, "आ जाएगा बेटा, अल्लाह बड़ा है."

दुपारच्या राउंडची वेळ जवळ आली. ट्रॉलीचा आवाज यायला लागला. मी भिंतीला टेकले. मनात म्हटलं, लावा बाबा पिशवी, मला आता फक्त झोपू द्या. आणि नेमकं तेव्हा पोटात आत कुठेतरी गुडगुडलं, काहीतरी सरकलं, आणि झालं. मोठ्याने झालं. लाजायला वेळच मिळाला नाही.

गोमतीबाई ओरडल्या, "आला गो बाय, आला!" तस्बीहवाली आजी हसायला लागली. प्राची रडत होती आणि हसत होती. यांनी दारातूनच अंगारा कपाळाला लावला, स्वतःच्याच. मी आईंकडे बघितलं. त्यांनी दोन्ही हात जोडून डोक्याला लावले होते आणि डोळ्यांतून घळघळ पाणी वाहत होतं.

लोक देवाकडे काय काय मागतात. आमच्या घरादाराने ते मागितलं होतं आणि मिळालं.

मुंगीच्या पायाने

दुखणं हत्तीच्या पायाने येतं आणि मुंगीच्या पायाने जातं, हे मी तोंडाने कितीदा म्हटलं असेल. मुंगी इतकी हळू चालते हे माहीत नव्हतं.

पुन्हा पेज, पुन्हा मऊ भात. या वेळी मी आणि प्राची दोघींनी मिळून राखण केली. कितीतरी आठवड्यांनी डॉक्टर म्हणाले, आता सुरू करा. आधी दुधी, मग पडवळ, मग लाल भोपळा. मग पालक, शिजवून घोटून. एका वेळी एकच नवीन, आणि त्याचं पोटात काय होतं ते बघून मग पुढचं. पहिल्यांदा पालक खाल्ला तेव्हा दिवसभर पोट फुगून वारा धरला आणि मी घाबरून डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "होणारच. इतक्या वर्षांनी पाहुणे आलेत, घर थोडं गडबडणार. पाणी प्या." तेही खरं निघालं. हळूहळू पोटाला सवय झाली. गवार आली, मेथी आली, भेंडी आली. सोबत दर वेळी पाणी. भाजी खायची आणि पाणी नाही प्यायचं म्हणजे पुन्हा माझ्या इसबगोलाची गत.

पी हळद आणि हो गोरी, असं यात काही होत नाही. महिना-दीड महिना मला वाटायचं, काहीच फरक नाही. मग एका सकाळी लक्षात आलं की जोर न लावता झालं. मी तशीच थोडा वेळ बसून राहिले. साधी गोष्ट, पण आठवणीत तसं कधी झालं नव्हतं.

दुर्बिणीची तपासणी झाली. आदल्या दिवशी ते औषधी पाणी पिऊन पिऊन जीव नकोसा होतो, पण त्याला इलाज नाही. फुगे तसेच आहेत, ते जात नाहीत. पण सूज उतरली होती, वाट मोकळी होती, आणि वाईट काही नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "आत्ता ऑपरेशन नाही. पुढे लागेल का, ते बरंचसं तुमच्या ताटावर आहे." मग म्हणाले, "भाजी औषध म्हणून खाऊ नका, कंटाळाल. जेवण म्हणून खा. आणि सगळ्यांचं झाल्यावर नको."

ते शेवटचं सगळ्यात अवघड. दुधी शिजवता येतो. आधी जेवायला बसणं कसं जमवायचं? केंद्रात मी काउंटर उघडायच्या आधी माझ्या डब्यात भाजी काढून ठेवायला लागले तेव्हा पोळीवाल्या बायका म्हणाल्या, "मॅडमचं जेवण झालं का?" केतकीताई दोन दिवसांनी म्हणाल्या, "काढ बाई, पण गिऱ्हाइकासमोर नको." किल्ली मी आता सरळ मागते. घरी हे एकदा म्हणाले, "रोज काय पाला? बांगडा कधी?" मी म्हटलं, बांगडाही करते, पण बाजूला भाजी असेल आणि माझी वाटी आधी भरलेली असेल. पण वाटी भरताना माझाच हात चोरट्यासारखा व्हायचा. आईंची नजर पाठीवर जाणवायची. एकदा त्या कुणाला तरी फोनवर म्हणाल्याही, "आता आधी ती जेवते, मग आम्ही." मी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. भांडायचा कंटाळा आला होता.

पुन्हा पंचमी

यंदा गणपती आले. डॉक्टरांना विचारलं, ऋषीची भाजी चालेल का? ते हसले. "चालेल. देठ सोलून, सुरण मऊ शिजवून, कणीस नको. आणि एक वाटी, पातेलं नाही."

मी भाजी केली. आईंनी पाटावर बसून अळूचे देठ सोलले, एकेक धागा ओढून काढत. दुपारी देवाला नैवेद्य दाखवून झाला. बाहेर दीर, भाचे, हे, सगळे पानांची वाट बघत होते. मी वाढायला कढई उचलली तर आईंनी माझा हात धरला.

"आधी तू बस."

"आई, पाहुणे आहेत. आज राहू दे."

"बसतील ते. उपाशी नाहीत मरत." त्यांनी एक ताट घेतलं आणि त्यात भाजी वाढली. गेल्या वर्षीसारखंच. पण एकच वाटी. कणीस नव्हतं.

मी म्हटलं, "तुम्ही आधी बसा, तुम्ही मोठ्या."

आई हळू आवाजात, दाराकडे एकदा नजर टाकून म्हणाल्या, "बारा जणांच्या घरात आले मी. बारा जणांचं झाल्यावर खाल्लं. एरंडेल काय मी हौसेने घेते? इतकी वर्षं बाटली बघतेस उशाशी. कधी विचारलंस, आई, पोट कसं आहे तुमचं?"

त्या बाटलीतलं चमचा चमचा मीही घेतलं होतं.

मी दुसरं ताट घेतलं. भाजी वाढली, आईंच्या दाताला जमेल तसा सुरण बोटांनी कुस्करला, पाण्याचा तांब्या मधे ठेवला. बाहेरून यांनी हाक मारली, "काय गं, पानं कधी घेताय?"

"थांबा," आई आतून म्हणाल्या. "आम्ही जेवतोय."

आम्ही दोघी ओट्याजवळ खाली बसलो. मी विचारलं, "आई, पोट कसं आहे?"

"सांगते," त्या म्हणाल्या. "आधी चावून खा."